विदर्भात व्हेरिगेटेड मेपल येईल का?

तुम्ही विचारलंय की यवतमाळ जिल्ह्यात गाव आहे, घरापुढं व्हेरिगेटेड, म्हणजे पांढऱ्या-गुलाबी कबऱ्या पानांचं, मेपल लावायचंय, बी ऑनलाइन मिळतंय, तर मागवू का. नका मागवू. एवढं लिहून थांबलो असतो, पण याच झाडापायी माझा साळा गेली सात वर्षं मला "तुमच्या हाताले गुण नाई" म्हणत आलाय. त्यामुळं थोडं लांबेल.

आधी बियांचं उरकतो. जपानी मेपलच्या कबऱ्या पानांच्या जाती, म्हणजे बटरफ्लाय, उकिगुमो वगैरे, बियांतून तशाच्या तशा उतरत नाहीत. त्या कलमानं करतात. निळ्या-जांभळ्या पानांचा फोटो लावून जी पाकिटं विकतात त्यात पैसे फोटोचे असतात. शिवाय मेपलचं बी रुजण्याआधी तीनेक महिने ओल्या रेतीत फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. घरात एकच फ्रीज असेल तर आधी बायकोला विचारा.

माझं झाड कलमाचंच होतं. साळा नागपूरला नोकरीला. हिमाचलला फिरायला गेला होता, तिकडच्या एका नर्सरीतून जानेवारी २०१७ मध्ये ओल्या पोत्यात गुंडाळून घेऊन आला. "भाऊजी, आमच्या फ्लॅटात जागा नाई, तुमच्या सांदवाडीत लावा." पानं झडलेली, गुडघाभर उंच काडी. माझ्या आईनं चष्मा वर करून पाहिलं अन् कपाशीची वाळकी काडी समजून म्हणाली, "हे पऱ्हाटी कायले आणली बापा? आमच्या वावरात कमी हाय काय?"

फेब्रुवारी संपता संपता त्या पऱ्हाटीला पानं फुटली अन् आई गप्प झाली. बोटभर लांबीचं पान, हाताच्या पंजासारखं फाटलेलं, मधे राखाडी हिरवं, कडेला साय, अन् कोवळं असताना त्या सायीवर गुलाबी झाक. गुढीपाडव्याला गाठी घेऊन आलेली माणसं गाठी हातात धरून झाडाशीच उभी राहायची. मी त्याला वावरातली माती घातलीच नव्हती. आपली काळी माती पावसात चिखल धरून बसते, उन्हाळ्यात भेगाळते, वर चुनखडी. मेपलला हवी किंचित आंबट अन् पाणी धरून न ठेवणारी. म्हणून मोठी मातीची कुंडी, पालापाचोळ्याचं खत, रेती, थोडं कोकोपीट, अन् जागा निंबाखाली, जिथं सकाळी आठपर्यंतच ऊन. हे सगळं मी केलं होतं. साळ्याला हे कधी मोजावंसं वाटलं नाही.

एप्रिलच्या मध्यात पांढऱ्या कडा वाळक्या कागदासारख्या झाल्या. कारण सरळ आहे. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो भाग कमावत नाही, नुसता खातो, अन् ऊन लागलं की पहिला तोच जळतो. त्यात आमच्या बोअरचं पाणी जड, कुंडीच्या काठावर पांढरा थर धरायचा. मी दुहेरी हिरवी नेट बांधली, माठाचं पाणी दिलं, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, तर कुंडी ओढून कूलरपुढं आणली. लाइट गेली की कूलर बंद, म्हणजे झाडाचं अन् आमचं सारखंच. दिवसा ४५ सोडून द्या, या झाडाला खरं मारतात त्या रात्री. मध्यरात्रीही पारा तिशीखाली उतरत नाही, झाड दिवसाची कमाई रात्रीच उडवून बसतं. जूनपर्यंत काडी परत उघडी.

जुलैत पाऊस लागला अन् ती फुटली. बारीक बारीक कबरी पानं, अन् मधून एक जोमदार फांदी, पूर्ण हिरवी. मी फोटो पाठवला. साळ्याचा लगेच फोन. "कापा भाऊजी, कापा. हिरवी फांदी ठेवली तर सगळं झाड हिरवं होते. व्हिडिओत सांगतेत." मी म्हटलं, अरे, एवढीच तर एक जिवंत दिसतेय. तो म्हणे, "तुम्ही ऐकत नाई." घरात बायको दोघांचं ऐकत होती, अन् तिचा तो एकुलता भाऊ. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी ती फांदी कापली.

तीच एकटी कमावती होती. बाकीची सगळी अर्ध्या पोटी. हिवाळ्यात मेपलला सातेक अंशांखालची थंडी काही आठवडे लागते, तेव्हा कुठं त्याच्या कळ्या नीट जाग्या होतात. आमच्याकडं पहाटे कुडकुडायचं अन् दुपारी स्वेटर खांद्यावर टाकून फिरायचं. मार्च २०१८ मध्ये निम्म्या कळ्या उघडल्याच नाहीत, मेमध्ये झाड गेलं, अन् आईनं ती काडी खरंच पऱ्हाटीच्या भाऱ्यात बांधून चुलीत घातली. त्याच उन्हाळ्यात एका लग्नात, पंगतीत, सगळ्या पाहुण्यांसमोर साळा म्हणाला, "हिमाचलवरून झाड आणून देल्लं, पण भाऊजीच्या हाताले गुण नाई." या हातावर चार एकर कपाशी अन् तूर निघते.

आता तुमचं. नर्सरीत "व्हेरिगेटेड मेपल" म्हणून कुणी हातात कुंडी दिली तर फांदीवर पानं समोरासमोर आहेत का बघा. मेपलची समोरासमोर असतात. एकाआड एक असली अन् नारिंगी घंटेसारखं फूल लटकत असेल तर ते अबुटिलॉन. फ्लॉवरिंग मेपल या नावानं विकतात, पण ते आपल्या कपाशीच्या, भेंडीच्या अन् बांधावरच्या पेटारीच्या कुळातलं. त्यातल्या थॉम्पसोनी जातीच्या पानावरची पिवळी नक्षी चक्क व्हायरसची असते. भेंडीवर केवडा आला की आपण झाड उपटून फेकतो, अन् इथं तसलीच नक्षी पैसे देऊन घ्यायची! हौस असेल तर घ्या, पण भेंडीच्या वाफ्याशेजारी ठेवू नका, पांढरी माशी दोघांवरही बसते.

कबरं पानच हवं असेल तर कबऱ्या पानांची चांदणी लावा, अकॅलिफा लावा, क्रोटन लावा. जागा मोठी असेल तर पांगारा आहे, त्याचं शास्त्रीय नावच एरिथ्रिना व्हेरिगाटा. पिवळ्या शिरांचा पांगारा शोधून मिळतो. लोकांना गावातलं झाड दारात लावायची लाज का वाटते, मला कळत नाही.

तरीही मेपलच लावणार असाल तर कलम घ्या, कुंडीत ठेवा, पावसाचं पाणी साठवून द्या, अन् हिरवी फांदी आली तर आपल्या हवेत तिला हात लावू नका. पांढरेपणा गेला तर गेला, झाड तर राहील. हां, थंड मुलखात पुस्तकातलं बरोबर आहे, तिथं हिरवी फांदी कापायलाच हवी. चिखलदऱ्याला राहत असाल तर तिथला उन्हाळा सौम्य, कॉफीसुद्धा होते, वरचं निम्मं उत्तर खोडा. अन् फांदी कलमाच्या गाठीच्या खालून फुटली असेल तर ती खालच्या खुंटाची, ती कुठंही कापायचीच.

साळा कधीकधी माझी उत्तरं वाचतो म्हणून लिहून ठेवतो. आपली फांदी गाठीच्या चार बोटं वर होती. फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.