मावशींना काम सांगताना सिस्टरने काय पाहावे

मेडिकल वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या स्टाफ नर्सने मावशींना आणि वॉर्डबॉयना कोणती कामे द्यावीत, आणि त्यात काही बिघडले तर जबाब कोणी द्यायचा, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण पहिल्याचा उलगडा त्यातूनच होतो. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तुमच्या नावावर आहे, मावशींच्या नाही. त्यामुळे सांगितलेले काम नीट करणे ही त्यांची जबाबदारी असली, तरी ते त्यांना द्यावे हा निर्णय आणि झाल्यावर केलेली पाहणी यांबद्दल तुम्हालाच विचारले जाईल.

स्पंज म्हणजे ओल्या कापडाने अंग पुसणे, बेडपॅन, चादर बदलणे, पेशंटला एक्स-रेला नेणे ही कामे साधारणपणे देता येतात. इंजेक्शन, सलाइनचा वेग, राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) फीड, ऑक्सिजनचा फ्लो आणि नव्या पेशंटची पहिली पाहणी ही देता येत नाहीत, मग वॉर्ड कितीही भरलेला असो. मात्र केवळ यादीवर विसंबू नका, कारण पेशंटची अवस्था बदलली की तेच काम वेगळे होते. चहा पाजणे हे एरवी मावशींचे काम. पण पक्षाघाताच्या पेशंटची गिळण्याची तपासणी झालेली नसताना दिलेला एक घोटही श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतर पेशंट पहिल्यांदा उठतो तेव्हाही बीपी अचानक उतरू शकते, म्हणून त्या वेळी तुम्ही स्वतः जवळ असायला हवे.

खरी गफलत बहुतेक वेळा सांगण्यात होते. “मावशी, सातची युरोबॅग बघा हं,” एवढ्यावर लघवीच्या पिशवीचे काम कोणालाच नीट करता येणार नाही. त्याऐवजी असे सांगा: “मावशी, सात नंबरच्या आजोबांची बॅग सहाला रिकामी केली आहे. दहा वाजता मापाच्या जगमध्ये काढा आणि किती भरली ते मला लगेच सांगा. १२० मिलीपेक्षा कमी असेल किंवा लाल दिसली, तर ओतू नका, आधी मला बोलवा.” साठ किलोच्या माणसाला तासाला किमान ३० मिली, म्हणजे चार तासांत १२० मिली लघवी व्हायला हवी, हा हिशेब तुमच्या डोक्यात असतो, मावशींना मात्र आकडा आणि कधी बोलवायचे तेच हवे असते. काय करायचे ते त्यांच्या तोंडून एकदा ऐकून घ्या, आणि चार्टवर नोंद करण्यापूर्वी माप स्वतः पाहा.

अमेरिकन नर्सेस असोसिएशन आणि तेथील नर्सिंग मंडळांची राष्ट्रीय परिषद यांच्या २०१९ च्या संयुक्त मार्गदर्शनात योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती, योग्य सूचना आणि योग्य देखरेख असे पाच निकष आहेत. आपल्याकडे शेवटचाच सर्वाधिक सुटतो, असे माझे मत आहे. “आजोबा आज वेगळेच वाटतायत,” असे मावशी म्हणाल्या तर हातातले काम ठेवून बघायला जा. नातेवाइकांसमोर त्यांना झिडकारलेत, तर पुढच्या वेळी त्या सांगणार नाहीत. रात्री सिस्टर एकटी असते म्हणून मावशी सलाइनची बाटली बदलू लागल्या असतील, तर ती सवय वॉर्डाने लावली आहे. त्यांना रागावण्यापेक्षा मनुष्यबळाची अडचण इन्चार्ज सिस्टरना सांगा आणि रिपोर्ट बुकात लिहा.

आणखी एक काम कधीच सोपवू नका. वापरलेली सुई ज्याने वापरली त्यानेच, त्याच क्षणी, सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात टाकायची असते; ती ट्रेमध्ये राहिली की आवरायला येणाऱ्या मावशींच्या बोटात जाते.