मूकपटात संवाद नसताना एखादं पात्र वरून सज्जन आणि आतून पापी आहे, हे प्रेक्षकांना कसं कळायचं?

टायटल कार्डावर, म्हणजे दृश्यांच्या मधे येणाऱ्या मजकुराच्या पाटीवर, 'हा ढोंगी आहे' असं लिहून टाकता यायचं, पण मग पुढच्या दृश्यातली गंमतच जायची. चांगले दिग्दर्शक हे काम जागांकडून करून घेत. एक जागा प्रतिष्ठेची, दुसरी पापाची, आणि संकलन आपल्याला एकीतून दुसरीत नेत राहतं. पडद्यावरच्या माणसांच्या आधी आपल्याला कळतं, आणि सगळा ताण तिथूनच येतो.

जॉर्ज लोन टकरचा 'ट्रॅफिक इन सोल्स' (१९१३, सहा रिळं) यासाठी जरूर पाहा. न्यूयॉर्कमध्ये मुलींना फसवून वेश्याव्यवसायात ढकलणारी टोळी आहे, आणि तिचा खरा सूत्रधार ट्रूबस हा समाजशुद्धीच्या संघटनेचा प्रमुख आहे. टोळीचा मध्यस्थ त्याच इमारतीत बसतो. त्याने लिहिलेले कमाईचे आकडे विजेच्या यंत्राने ट्रूबसच्या टेबलावर उमटतात आणि मध्यस्थाच्या खोलीतलं बोलणं डिक्टोग्राफवर (दुसऱ्या खोलीतलं बोलणं ऐकवणाऱ्या यंत्रावर) ऐकू येतं. म्हणजे हिशेबासाठी या गृहस्थाला खुर्चीही सोडावी लागत नाही! नायिका मेरी त्याच्याच कार्यालयात नोकरीला लागते आणि वडिलांनी बनवलेल्या यंत्राने ते बोलणं मेणाच्या नळकांड्यांवर टिपते. मूकपटात गुन्हा सिद्ध होतो तो आवाजाने, हे मला फार आवडतं.

दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या 'वे डाउन ईस्ट'मध्ये (१९२०) यंत्रं नाहीत, जेवणाचं टेबल आहे. खोटं लग्न लावून ॲनाला फसवणारा सँडरसन तिथे मानाचा पाहुणा असतो आणि घराबाहेर काढली जाते ॲना. जाताना ती त्याच्याकडे बोट दाखवते, तेवढं पुरतं.

लोइस वेबरने 'हिपॉक्रिट्स'मध्ये (१९१५) रूपकाची वाट धरली. पारदर्शक, विवस्त्र 'सत्य' हातात आरसा घेऊन राजकारणात, घरांत शिरतं. हा परिणाम दुहेरी एक्स्पोजरचा. साधारण पद्धत अशी: काळ्या पार्श्वभूमीवर उजळ आकृती चित्रित करायची, फिल्म मागे गुंडाळायची आणि तिच्यावरच दुसरं दृश्य घ्यायचं. कॅमेऱ्याच्या हँडलच्या एका फेऱ्यात सहसा ८ फ्रेम (फिल्मवरची एकेक चौकट) जात, म्हणून फेरे मोजून ठेवावे लागत. मोजणी चुकली की आकृती भलत्याच क्षणी उगवते. कॅमेरा हलला तर ती तरंगते. ओहायोत चित्रपटावर बंदी आली. ढोंगावरच्या चित्रपटाला याहून चांगली पावती कोणती?

पाहताना प्रतीचा वेग तपासा. १००० फुटांचं रीळ सेकंदाला १६ फ्रेमने साधारण १६-१७ मिनिटं चालतं, २४ ने जेमतेम ११. वेग वाढला की चोरटी नजर, खिशाकडे जाणारा हात अशा बारीक खुणा निसटतात आणि ढोंगी माणूस नुसता विदूषक दिसतो. म्हणून एकाच चित्रपटाच्या दोन प्रतींच्या लांबीत बराच फरक असेल, तर आधी वेगावर संशय घ्या, कापलेल्या दृश्यांवर नंतर.