आईबाबांना कुत्र्यासाठी कसं पटवायचं, तुला पत्र

अगं,

तुझा मेसेज वाचला. तुला रीलमधल्यासारखा हस्की कुत्रा घरी आणायचाय, आणि आईबाबांना प्राणी आवडतच नाहीत, ते ऐकूनच घेत नाहीत, असं तू परत परत लिहिलंयस, पण ते नेमकं काय म्हणाले हे कुठेच नाहीये. तर पहिलं काम ते. एखाद्या निवांत संध्याकाळी, आई ऑफिसातून येऊन चप्पल काढत असताना नाही, शांतपणे विचार की तुम्हाला नक्की कशाची काळजी वाटते, आणि मधे एकदाही "पण" न म्हणता ऐक. बाबांना वेगळं विचार. दोघांची कारणं बहुतेक वेगळी निघतील. कोणाला शी-शूचं टेन्शन असतं, कोणाला गावाला जाताना ठेवायचं कुठे याचं, भाड्याचं घर असेल तर घरमालकाचं, आणि काही वेळा लहानपणी घरात एखादा कुत्रा होता, तो गेला, आणि ते परत नको असतं. हे शेवटचं कोणी पटकन बोलत नाही, नुसतं "नको म्हटलं ना" म्हणून उठून जातात. असं काही असेल तर महिनाभर विषयच काढू नकोस, त्या कुत्र्याबद्दल विचार, फोटो असेल तर बघ.

आता जे सांगते ते तुला आवडणार नाही. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षं जगतो, घरातली मांजर पंधरा वर्षं सहज. तू अजून तीन-चार वर्षांत शिकायला बाहेर पडशील. म्हणजे तू परवानगी मागतेयस असं तुला वाटतंय, पण खरं तर तू आईबाबांकडून त्यांची पुढची दहा वर्षं मागतेयस, आणि त्यातली बरीचशी तू घरात नसताना. त्यांना हे पक्कं माहितीये, बोलत नाहीत इतकंच. आमच्याकडे बोका आणायचा हट्ट मुलाचा होता, मुलगा गेला होस्टेलला आणि आता पहाटे पाचला बोका माझ्या गालावर पंजा ठेवून बसतो, मी उठले नाही तर हळूच एक नख बाहेर काढतो, आणि लिटर बॉक्स, म्हणजे त्याचा शी-शूचा डबा, मीच साफ करते. माझी तक्रार नाही, मला तो आवडतो, पण म्हणूनच सांगते की "सगळं मी करीन" या वाक्यावर कोणतीही आई विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा सरळ म्हण की मी बाहेर गेल्यावर हे तुमच्यावर येणार आहे, तर तुम्हाला कोणता प्राणी झेपेल ते आपण मिळून ठरवू. हे ऐकून ते निदान खुर्ची ओढून बसतील.

आणि मग प्राणी खरंच मिळून ठरवायचा. रीलमधला निळ्या डोळ्यांचा हस्की डोक्यातून काढ, तो बर्फावरची गाडी ओढायला तयार केलेला कुत्रा आहे, त्याला रोज भरपूर पळायला लागतं आणि गरम हवेत त्याचे हाल होतात. तुमचं घर सकाळी नऊ ते संध्याकाळपर्यंत बंद असतं असं तूच लिहिलंयस ना, मग लहान पिल्लू पण नको. पिल्लाचं वय जेवढे महिने, त्यात एक मिळवायचा, साधारण तेवढेच तास ते फार तर शू धरू शकतं, म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू जेमतेम चार तास, पुढचं सगळं सोफ्याखाली. त्यापेक्षा शेल्टरमधला, म्हणजे बेघर प्राणी सांभाळतात तिथला, दोन-तीन वर्षांचा शांत कुत्रा बघ, त्याचा स्वभाव तिथल्या लोकांना माहीत असतो, भुंकतो का, एकटा राहतो का, लहान मुलांना घाबरतो का, सगळं विचारता येतं. अर्थात तोही दिवसभर एकटा राहणार असेल तर दुपारी कोणीतरी येऊन त्याला फिरवणार का हे आधी ठरवावं लागेल. मांजर हा बऱ्याच घरांसाठी जास्त सोपा पर्याय आहे, दिवसातले बारा-पंधरा तास ती झोपूनच असते.

लहान प्राणी म्हणजे सोपा प्राणी असं मात्र समजू नकोस. हॅमस्टर रात्रभर चाकावर पळतो आणि दोन-तीन वर्षांत जातो. गिनिपिगला सोबत लागते म्हणजे दोन आणावे लागतात, शिवाय त्याचं शरीर सी जीवनसत्त्व बनवत नाही, ते रोजच्या खाण्यातून द्यावं लागतं. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात म्हणून त्याला सतत सुकं गवत चावायला लागतं, आणि गंमत म्हणजे बहुतेक सशांना उचलून घेतलेलं अजिबात आवडत नाही. ते नाण्याएवढं गोड कासव, कानाजवळ लाल पट्टा असलेलं, ते वाढून ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं, म्हणजे तुझ्या लग्नात पण ते असेल. पक्षी हवा असेल तर आईच्या भांड्यांकडे बघ, नॉनस्टिक भांडं रिकामं राहून फार तापलं तर त्यातून निघणाऱ्या धुराने पक्षी मरू शकतो. म्हणजे तुझ्या हट्टासाठी आईने भांडी बदलायची. विचारून बघ 😄

ॲलर्जीचं कारण पुढे आलं तर तिथे वाद घालायचा नाही. मांजरीची ॲलर्जी केसांची नसते, तिच्या लाळेत आणि कातडीत एक प्रोटीन असतं त्याची असते, ती स्वतःला चाटते आणि ते घरभर पसरतं, त्यामुळे कमी केसांची मांजर आणू हा उपाय नाही. आधी डॉक्टरांना विचारा, त्यांनी चालेल म्हटलं तर ज्यांच्या घरी मांजर आहे तिथे सगळे दोन-चार वेळा जाऊन बसा. घरात कोणाला दमा असेल आणि डॉक्टर नको म्हणाले, तर तो प्राणी यादीतून गेला, संपलं.

पुराव्याचं म्हणशील तर आश्वासनं देऊ नकोस, आधी करून दाखव. कुत्रा हवाय ना, मग उद्यापासून सहाला उठून अर्धा तास कुत्र्याशिवाय फिरून ये. सगळे हसतील, हसू देत. पाऊस असताना पण जा, परीक्षा चालू असताना पण जा, कारण आईबाबा परीक्षेचीच वाट बघत असतात, तिथे तू ढेपाळलीस की विषय बंद. कोणी ओळखीचं गावाला जाणार असेल तर त्यांचा कुत्रा दोन दिवस सांभाळ. काही शेल्टर थोड्या दिवसांसाठी प्राणी सांभाळायला देतात, ते तर सगळ्यात भारी, आईबाबांना पण कळतं की हे आपल्याला जमतंय की नाही, आणि जमलं नाही तर परत द्यायची सोय असते.

खर्च लिहून काढ, अंदाजे नाही, व्हेटला म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करून. पिल्लू असेल तर सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस, रेबीजची वेगळी, जंतांचं औषध, नसबंदीचं ऑपरेशन, खाणं, आणि अचानक आजारपण आलं तर बाजूला काही रक्कम. आजारपणाचा आकडा बघून तुला तो लपवावासा वाटेल. लपवू नकोस, बाबा पहिलं तेच विचारतील. आणि एकच पान कर, पीपीटी बिपीटी नको, वीस स्लाइड बघून मोठ्या माणसांना झोप येते.

एक गोष्ट अजिबात करायची नाही, न सांगता पिल्लू घरी आणून "आता आलंच आहे" म्हणणं. आईबाबा खरंच नाही म्हणाले तर बोलणी तू खाशील, पण घर त्या पिल्लाचं जाईल.

एवढं करूनही नाहीच म्हणाले तर "मग कधी, आणि काय बदललं तर?" एवढंच विचार आणि तिथे थांब. तोवर सुट्टीच्या दिवशी शेल्टरमध्ये मदतीला जात जा, पिंजरे धुवायला माणसं त्यांना कायम कमी पडतात. आणि हो म्हणाले तर नाव बाबांना ठेवू दे. भलतंच काहीतरी ठेवतील, चालवून घे.

तुझी,
मावशी