लाट कमरेएवढी, बोर्ड केवढा?

मागच्या अंकात सर्फिंग शिकण्याबद्दल लिहिलं होतं, तेव्हापासून पत्रं येतायत आणि त्यातली निम्म्याहून जास्त बोर्डबद्दलच आहेत. सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही, पण ही चार घेतली की बाकीच्यांचीही बरीचशी उत्तरं मिळतील असं वाटतं.

ताई, मी पुण्याचा, वय ३१, वजन ७८ किलो. फेब्रुवारीत गोव्यात अश्वेला पाच दिवस शिकलो. ८ फुटी फोमच्या बोर्डवर उभा राहतो आणि सरळ किनाऱ्यापर्यंत येतो. आता स्वतःचा बोर्ड घ्यायचाय. चेन्नईचा मित्र त्याचा ६ फूट २ इंचाचा शॉर्टबोर्ड स्वस्तात देतोय, दिसायला एकदम भारी आहे. गोव्यात लाटा छोट्याच असतात, मग छोट्या लाटेला छोटा बोर्ड बरोबर ना?

नाही हो, एकदम उलटं आहे, आणि हा गैरसमज इतक्या जणांचा आहे की याच प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा देतेय.

छोट्या लाटेत ढकलायची ताकद कमी आणि तिचा उतारही कमी. मोठी लाट तुम्हाला उचलून खाली फेकते, तिथे बोर्ड कसाही असला तरी वेग मिळतो. कमरेएवढी लाट तसं काही करत नाही, ती हळूच खालून सरकते आणि त्या दोन-तीन सेकंदांत तुमचा बोर्ड आधीच वेगात असायला लागतो, तरच ती तुम्हाला सोबत घेते. हा वेग येतो पॅडलमधून, म्हणजे बोर्डवर आडवं होऊन हातांनी पाणी मारण्यातून, आणि पॅडल मारताना बोर्ड पाण्यावर जितका वर तरंगतो, जितका लांब आणि सपाट असतो तितका तो सटकन पुढे जातो. तुमच्या मित्राच्या बोर्डवर ७८ किलोचा माणूस आडवा झाला की बोर्ड जवळजवळ पाण्याखाली जाणार, छाती पाण्यात, हात भरून येणार, लाट खालून निघून जाणार आणि तुम्ही तिथेच. दहापैकी नऊ लाटांना हेच होतं. मी अश्वेला कितीतरी जणांना असं तासभर झगडून गप्प बाहेर येताना पाहिलंय, आणि वाईट याचं वाटतं की त्यांना वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. बोर्ड चुकीचा असतो हो.

दोन गोष्टी बघायला शिका. एक, लिटर. बोर्डच्या खाली लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते आणि हल्ली बहुतेक बोर्डांवर लिटरमध्ये आकारमानही असतं. अगदी ढोबळ हिशेब असा की शिकणाऱ्याला आपल्या वजनाच्या किलोइतके लिटर तरी हवेत, म्हणजे तुम्हाला ७५ ते ८०. तुम्ही ज्या ८ फुटी फोमीवर शिकलात तो साधारण एवढाच असतो. ६ फूट २ इंचाचा शॉर्टबोर्ड असेल तिशीच्या आसपास. म्हणजे निम्म्याहूनही कमी.

दुसरी गोष्ट रॉकर, म्हणजे बोर्डचा नाकापासून शेपटीपर्यंतचा बाक. फिन, म्हणजे शेपटीखालची पाती, काढा, बोर्ड पोटावर सपाट फरशीवर ठेवा आणि स्वतः खाली बसून, डोळा फरशीच्या पातळीला आणून बाजूने बघा. शॉर्टबोर्डचं नाक केळ्यासारखं वर उचललेलं दिसेल आणि शेपटीही थोडी वर. हा बाक उभ्या, पोकळ लाटेत नाक खुपसू नये म्हणून असतो. आपल्या मऊ लाटेत तोच बाक पाणी पुढे लोटत बसतो, म्हणजे ब्रेक लावून गाडी चालवल्यासारखं. छोट्या लाटेला सपाट बोर्ड हवा आणि शेपटी रुंद हवी, म्हणजे कमी वेगातही तो पाण्यावर चढून घसरायला लागतो.

आज जो तीन फिनांचा शॉर्टबोर्ड सगळीकडे दिसतो तो ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने आणला आणि १९८१ मध्ये त्यावर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली, त्या वर्षी तिथल्या लाटा प्रचंड होत्या. बोर्ड उत्तमच आहे, फक्त तो ज्या पाण्यासाठी आहे ते पाणी आपल्याकडे ऑक्टोबर ते मे नसतं.

तर सध्या ८ फुटी सॉफ्टटॉपच, म्हणजे फोमीच घ्या, किंवा खरं सांगायचं तर अजून घेऊच नका. पुण्याहून वर्षातून तीन-चारदा येणार असाल तर भाड्याने घ्या, आणि दर वेळी वेगळा मागा, एकदा ८ फुटी, एकदा ९ फुटी, एकदा साडेसातचा. कुठल्यावर किती लाटा मिळाल्या ते वहीत लिहून ठेवा. आणि सकाळी जा! पहाटेपासून साधारण नऊ-दहापर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. दुपारी खारे वारे सुरू झाले की त्याच लाटांचा चुरा होतो आणि मग कुठलाही बोर्ड वाईटच वाटतो.

मित्राला नाही म्हणताना वाईट वाटत असेल तर त्याला हे पत्र दाखवा.

मी मांद्र्याची, वय २०, वजन ५२ किलो. दीड वर्ष ८ फुटी फोमीवर सर्फ करते, डावी-उजवीकडे जाता येतं पण बोर्ड वळायला फार जड वाटतो. इथले काही जण म्हणतात फिश घे, काही म्हणतात लाँगबोर्ड. आणि फिन किती हव्यात, दोन, तीन की चार? बजेट एकाच बोर्डचं आहे. प्लीज नीट सांगा ताई, खूप कन्फ्युज झालेय.

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं गं, कारण तू बरोबर जागी पोचलीयेस. फोमी जड वाटायला लागला याचा अर्थ पाय बोलायला लागलेत.

आधी फिशबद्दल, कारण मला तो मनापासून आवडतो. सत्तरीचं दशक सुरू होण्याच्या जरा आधी सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिसने तो गुडघ्यांवर बसून सर्फ करण्यासाठी बनवला होता. आखूड, रुंद, सपाट, शेपटी माशासारखी दुभंगलेली आणि खाली दोन रुंद फिन. मग लोक त्यावर उभे राहायला लागले आणि लक्षात आलं की ढिल्या लाटेतही हा सुसाट पळतो. पुढे ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्सने दोन फिनांच्या स्वतःच्या बोर्डवर १९७९ ते १९८२ सलग चार वर्षं जागतिक विजेतेपद घेतलं, म्हणजे दोन फिन हा काही कमी प्रकार नव्हे. तुझ्या वजनाला ५ फूट ८ इंच किंवा ५ फूट १० इंचाचा, २१ इंचाच्या जवळपास रुंदीचा फिश छान बसेल, तिशीच्या वर दोन-चार लिटर.

पण लगेच नको. ८ फुटावरून थेट पावणेसहा फुटांवर आलीस की पॉप-अपला, म्हणजे आडव्याचं झटकन उभं राहायला, आत्ता जो अर्धा सेकंद जास्तीचा मिळतो तो गेला, आणि आपल्या किनाऱ्यावर लाट छोटी असते तशी आखूडही असते, उठेपर्यंत ती संपलेली असते. मधली पायरी घे, ७ फुटाच्या आसपासचा मिड-लेंथ, गोल नाक, २१ इंच रुंद, ४० लिटरच्या थोडा पुढेमागे. हा फोमीपेक्षा खूप हलका वळतो आणि तरी लाट लवकर पकडून देतो.

लाँगबोर्ड म्हणजे ९ फूट आणि वर. गुडघ्याएवढ्या लाटेवर, जिथे बाकी सगळे नुसते बसून असतात, तिथे लाँगबोर्डवाली मजेत चाललेली असते, पावलं टाकत नाकाकडे जात. एप्रिलच्या सपाट दिवसांत त्याला तोड नाही. मला कुणी म्हणालं आयुष्यभर गोव्यात राहायचंय आणि एकच बोर्ड ठेवायचाय, तर मी ९ फूट २ इंचाचा लाँगबोर्ड ठेवेन, दोनदा विचार न करता. पण तुला वळायचंय असं तू स्वतःच लिहिलंयस, आणि दुसरं म्हणजे तो नेणार कशी? स्कूटरच्या रॅकवर ९ फूट लावून मांद्र्याच्या गल्ल्यांतून वळणं म्हणजे समोरच्यालाही धोका आणि नाकालाही. ७ फुटी आरामात जातो. म्हणून माझं मत ७ फुटी मिड-लेंथ, आणि मैत्रिणीचा लाँगबोर्ड अधूनमधून मागून घे.

फिन: दोन म्हणजे मोकळं, वेगवान, शेपटी थोडी सटकते. तीन म्हणजे भरवसा, पाय दाबला की धरून ठेवतं. चार वेगवान असतात आणि धरही बऱ्यापैकी देतात. ७ फुटीला मध्ये एक मोठी आणि बाजूला दोन छोट्या अशी जागा असलेला बोर्ड बघ, मग बाजूच्या काढून, लावून तुझं तुलाच कळेल. फिनचा स्क्रू फिरवायची चावी मात्र दोन घेऊन ठेव, एक हमखास वाळूत हरवते.

जुना घेतलास तर विकत घेण्याआधी अंगठ्याने सगळी पाठ दाबत जा, विशेषतः जिथे पाय पडतात तिथे. कुठे मऊ लागलं, दबून टक् आवाज आला, तर तिथे काच, म्हणजे वरचं फायबरचं कडक कवच, फोमपासून सुटलीये. फिनच्या खाचेभोवती बारीक भेगा बघ. आणि त्याच मापाचा दुसरा बोर्ड उचलून वजन ताडून बघ, आत पाणी गेलेला बोर्ड हाताला लगेच कळतो.

मालवणजवळ राहतो. एका पाहुण्याने जाताना त्याचा ७ फुटी एपॉक्सी बोर्ड मला दिला. रेलवर, म्हणजे बाजूच्या कडेवर, खडक लागून रुपयाएवढं भोक पडलंय. आमच्याकडे होड्यांचं फायबरचं काम करणारे आहेत, त्यांच्याकडून बुजवून घेऊ का? आणि बोर्ड शेडमध्ये पत्र्याखाली ठेवला तर चालेल का?

थांबा, त्यांच्याकडे नेण्याआधी हे वाचा! होडीच्या फायबरला वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन. तुमच्या बोर्डच्या आत बहुतेक थर्माकोलच्याच जातीचा पांढरा, दाणेदार फोम आहे, आणि पॉलिएस्टर रेझिन त्याला चक्क विरघळवतं. माझ्या पहिल्या एपॉक्सी बोर्डचं हेच झालं. कारागीर होड्यांच्या कामात अगदी मुरलेले होते, त्यांनी मनापासून रेझिन ओतलं आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत ते आत उतरत गेलं, फोम फसफसत आकसला आणि नाण्याएवढ्या भोकाची मुठीएवढी पोकळी झाली. चूक माझी होती, मी सांगायला हवं होतं.

त्यांच्याकडे एपॉक्सी रेझिन असेल तर खुशाल द्या, हात त्यांचा नक्कीच चांगला असणार. आत कुठला फोम आहे ते भोकातून दिसतं: एकमेकांना चिकटलेले साबुदाण्यासारखे दाणे असतील तर एपॉक्सीच, बारीक पिठासारखा एकसंध पिवळसर असेल तर तो पॉलियुरेथेन, त्याला होडीवालं रेझिन चालतं. त्याआधी बोर्ड गोड्या पाण्याने धुवा, भोक खाली येईल असा सावलीत तीन-चार दिवस टेकवून ठेवा, पाणी निथळू द्या. दाणेदार फोम पाणी शोषतो आणि ओला असताना बुजवलात तर ते आतच राहतं. तोपर्यंत पाण्यात न्यायचा नाही. अगदीच राहवलं नाही तर पूर्ण सुकल्यावर एम-सील लावा, तेही एपॉक्सीच आहे, दिसायला वाईट पण पाणी थांबवतं.

पत्र्याखाली नको. मे महिन्यात पत्र्याखालची हवा किती तापते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आतली हवा फुगते आणि काच फोमपासून सुटून फुगवटे येतात. बंद गाडीतही तेच. घरात पलंगाखाली किंवा पडवीत भिंतीच्या सावलीला आडवा ठेवा, वॅक्सची बाजू, म्हणजे पाय घसरू नयेत म्हणून मेण लावतो ती वरची बाजू, खाली नको. आणि वॅक्स आणायला सांगाल तेव्हा पाकिटावर ट्रॉपिकल लिहिलेलंच सांगा, थंड पाण्याचं वॅक्स आपल्या समुद्रात लोण्यासारखं वितळतं.

माझा मुलगा दहा वर्षांचा, ३० किलोचा, पोहायला येतं. मुंबईत राहतो, जूनमध्ये गोव्याला जातोय, तेव्हा त्याला शिकवावं म्हणतो. केवढा बोर्ड?

जूनमध्ये नको. हे मी बोर्डच्या मापाआधी सांगतेय कारण तेच महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात समुद्राला उधाण असतं, पाणी आत ओढतं, किनाऱ्यावर लाल बावटे लागतात आणि पोहायलाही मनाई असते. मुलाला पोहायला येतं ते तलावातलं, ओढीत अडकल्यावर किनाऱ्याला समांतर आडवं पोहून बाहेर पडायचं हे मोठ्यांनाही सुचत नाही. तिकिटं बदलता आली तर दिवाळीनंतरची घ्या, डिसेंबर-जानेवारीत तर पाणी एवढं शांत असतं की मूल पहिल्याच दिवशी फेसाच्या लाटेवर उभं राहतं.

बोर्ड ६ ते ७ फुटी सॉफ्टटॉप, मऊ रबरी फिनांचा. ३० किलोला ७ फुटी म्हणजे भरपूर तरंगणं, पण त्याला तो स्वतः काखेत उचलता आला पाहिजे, नाहीतर वारा त्याला बोर्डसकट फिरवतो. काख पुरत नसेल तर ६ फुटी. लीश, म्हणजे पायाला बोर्ड बांधायची दोरी, बोर्डएवढीच लांब. पाणी त्याच्या कमरेपर्यंतच आणि तुम्ही स्वतः पाण्यात, वाळूवर मोबाइल घेऊन नाही. आणि त्याला पहिल्यांदा हे शिकवा की बोर्ड कधीही आपण आणि लाट यांच्यामध्ये आडवा धरायचा नाही, बाजूला ठेवायचा, नाहीतर लाट तोच तोंडावर आणते.