मंगळवारचं तिकीट काढ

प्रिय भाचीबाई,

तुझा लांबलचक निरोप वाचला. गाण्याचे आणि विनोदाचे शो होणारी तुझी आवडती जागा बंद होणार म्हणून सह्यांची मोहीम काढायची आणि यादीत माझं नाव सगळ्यात वर घालायचं, असा तुझा बेत दिसतोय. घाल. पण सह्यांनी भाडं भरत नाही, आणि मुंबईत छोटं स्टेज बहुतेक वेळा भाड्यापायीच जातं. जागा बंद झाल्यावर हळहळणारे ढिगाने असतात. त्यातले गेल्या सहा महिन्यांत किती जण तिथे फिरकले होते, हे तिथल्या मॅनेजरला विचार. किंवा राहू दे, त्या माणसाला आधीच पुरेसे त्रास आहेत.

मी आयुष्यभर साउंडच्या मिक्सरमागे बसलो. तिथून स्टेजइतक्याच खुर्च्याही दिसतात, म्हणून तुला जे सांगायचंय ते खुर्च्यांबद्दल.

समज, ८० खुर्च्यांची खोली आहे आणि तिकीट ३०० रुपये. शनिवारी ओळखीचं नाव असतं, खोली भरते, २४,००० गोळा होतात. त्यातला मोठा हिस्सा कलाकार नेतो, आणि त्याने तो न्यायलाच हवा. मग तिकीट विकणाऱ्या अ‍ॅपचं कमिशन, गाणी वाजवायचे परवाने, साउंडवाला, दारावरचा माणूस, एसीचं बिल. मंगळवारी एखादी नवखी मुलगी तासाभराचं नवं विनोदी मटेरियल घासून बघायला येते, किंवा कुणी न ऐकलेला बँड स्वतःची गाणी घेऊन येतो. खुर्च्यांवर बावीस माणसं, त्यातली नऊ कलाकाराच्या ओळखीची. घरमालक मात्र भाडं मंगळवारचंही तेवढंच घेतो. शनिवारला तुझी गरज नाही गं, तो भरतोच. तू मंगळवारी जा. नाव माहीत नसेल तर उत्तमच.

आणि तिकीट आधी काढ. हे मला अधोरेखित करायचंय, कारण तुमच्या पिढीला 'बघू, संध्याकाळी ठरवू' ची सवय आहे. नाटकवाल्यांचा जीव जसा बुकिंगच्या प्लॅनवर टांगलेला असतो, तसा इथे अ‍ॅपवरच्या आकड्यावर. शोच्या दोन दिवस आधी अकरा तिकिटं गेलेली दिसली की आयोजक गणित करतो: शो केला तर एवढा तोटा, रद्द केला तर त्याहून कमी. आणि रद्द करतो. दारावर तिकीट काढू म्हणणारे वीस जण कदाचित येणारही होते, पण ते त्याला रविवारी कसं कळावं?

४९९ रुपयांची तिकिटं एवढी का दिसतात, असं तू मागे विचारलं होतंस. ५०० पर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे एक रुपया खाली राहण्यात सगळ्यांचं हित. जिथे बार आणि किचन आहे तिथे बऱ्याचदा तिकिटाचा पैसा कलाकाराकडे जातो आणि जागा चालते ती टेबलावर मागवलेल्या गोष्टींवर. बाहेर गाडीवर वडापाव खाऊन आत पाणी पीत बसणं हा आपला राष्ट्रधर्म आहे, मी स्वतः तो निष्ठेने पाळलाय, पण महिन्यातून एकदा तरी आत काहीतरी मागव.

फुकट पास मात्र कधी मागू नकोस. मराठी माणूस लग्नात पाचशेचं पाकीट हसत देतो आणि भाच्याच्या पहिल्या प्रयोगाला 'पास आहे ना रे?' विचारतो. ओळखीच्या माणसाने तर दोन तिकिटं काढावीत.

या शहरात खोल्या टिकल्या कशा आणि गेल्या कशा, तेही बघ. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकं सुरू केली. हॉल साधा, सोयी बेताच्या. पण आज काय आहे हे नीट न वाचताही येणारी माणसं होती. प्रयोग फसला तरी ती पुढच्याला येत. फसण्याची मुभा देणारा प्रेक्षक नसेल तर नवं काही होतच नाही, हे मला गाण्याइतकंच विनोदाबाबतही खरं वाटतं. उलट लालबागचं हनुमान थिएटर घे. तमाशाचे फड तिथे लागत, समोर गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, कामगार पांगला, आणि पुढे त्या जागेत लग्नं लागू लागली. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ मध्ये ब्लू फ्रॉग हे लाइव्ह संगीताचं ठिकाण उघडलं, त्याचा साउंड ऐकायला मी मुद्दाम गेलो होतो. देशभर नाव झालं, तरी २०१६ मध्ये ते बंद झालं. नुसत्या नावावर जागा चालत नाही.

धोबी तलावच्या रंगभवनाची गोष्ट वेगळी. तिथे जॅझ व्हायचं, रॉक व्हायचं, उघड्या आभाळाखाली. पण रुग्णालयं, कॉलेज अगदी लगत, आणि रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर म्हणजे तेव्हाच्या नियमाने शांतता क्षेत्र. गाणं थांबलं. मला त्याचं वाईट वाटतं, पण शेजारच्या वॉर्डात पडलेल्या माणसाची बाजू चुकीची होती असं म्हणवत नाही. म्हणून एक बारीक काम तुला सांगतो: शो सुटल्यावर बिल्डिंगखाली घोळक्याने उभं राहून जोक परत सांगत बसू नका. आतला आवाज आम्ही कोंडून ठेवतो. तक्रार होते ती बऱ्याचदा रात्री साडेअकराला रिक्षा शोधत खिदळणाऱ्यांची. पोलीस मग येतात ते तुमच्याकडे नाही, जागेकडे.

तसंच फोनचं. ट्रायल शोमधला अर्धा कच्चा जोक रेकॉर्ड करून टाकू नकोस. २०२५ च्या मार्चमध्ये एका विनोदी कार्यक्रमावरून खारच्या हॅबिटॅट या कॉमेडी क्लबची तोडफोड झाली, ते तू पाहिलंसच. बोललं कुणीतरी, खुर्च्या मोडल्या जागेच्या. अशा वेळी पोस्ट लिहायची तर जरूर लिही, पण दार पुन्हा उघडलं की पहिल्या आठवड्याचं तिकीट काढ, मग कार्यक्रम तुझ्या आवडीचा असो वा नसो.

कमला मिलच्या आवारातल्या पबला लागलेल्या आगीत २०१७ च्या डिसेंबरमध्ये १४ माणसं गेली. तेव्हा आवडत्या जागेवर प्रेम कर, पण आत शिरल्यावर दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघ, आणि तो खोक्यांनी अडवलेला असेल तर मॅनेजरला तोंडावर सांग. त्याला राग आला तरी चालेल.

आता तुझ्या मोहिमेचं. सह्या करणाऱ्या प्रत्येकाकडून सहीबरोबर एक तारीख घे: पुढच्या महिन्यातला सोमवार ते गुरुवारमधला एक दिवस, आणि त्या दिवसाचं काढलेलं तिकीट. शंभर सह्यांतल्या तीसच जणांनी तारीख दिली तरी ती तीस नावं घेऊन मॅनेजरकडे जा. घरमालकाशी मुदत मागायला त्याला असा कागद लागतो. आणि दारावर तिकिटं स्कॅन करायला माणूस कायम कमी असतो, तेवढं एकदा करून बघ. उशिरा येऊनही पुढच्या रांगेत बसायचा हट्ट धरणारे काका तुला तिथेच भेटतील.

यादी झाली की पाठव, माझी तारीख बुधवारची धर.

तुझा,
मामा