हात थरथरतात. पक्षी बघायला इमेज स्टॅबिलाइज्ड दुर्बीण घ्यावी का? १०×३० की १२×३६?

घ्या. बटण दाबलं की हाताची थरथर आवरून चित्र स्थिर ठेवणारी ही दुर्बीण, त्यासाठी तिला सेल लागतात. (१०×३० म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ३० मिमीचं.) ‘खऱ्या पक्षीनिरीक्षकाला बॅटरीची दुर्बीण लागत नाही’ म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. असे एक गृहस्थ आमच्या नात्यातच आहेत, म्हणून लिहायला बसलो.

आमचे साडू. गळ्यात ८×४२, युरोपियन, किंमत ते न विचारताच सांगतात. माझी कॅननची स्टॅबिलाइज्ड १०×३० दिसली की ठरलेला शेरा: “सेल संपले की काय करणार?” अहो, सेल संपले की ती साधी १०×३० होते, दिसायचं थांबत नाही. दोन पेन्सिल सेल जास्तीचे खिशात टाकले की विषय मिटला.

एका हिवाळ्यात दोघं भिगवणला गेलो. कुंभारगावहून होडी घेतली. उजनीच्या पाण्याकडेला पट्टकादंब चरत होते आणि त्यातल्या एकाच्या मानेत संशोधकांनी घातलेली कॉलर होती. हे पक्षी मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. कॉलरवरचा क्रमांक मिळाला तर तो पक्षी कुठे पकडून खुणावला होता ते शोधता येतं. साडूंना कॉलर दिसली, पण अक्षरं काही लागेनात. मी बटण दाबून क्रमांक वाचून दाखवला. “अंदाजाने ठोकतोयस,” साडू म्हणाले. शेजारच्या होडीत एक मुलगी मोठी लेन्स लावून बसली होती. तिने फोटो कॅमेऱ्यावर मोठा करून दाखवला. तोच क्रमांक! जेवताना साडू फक्त चिलापीबद्दल बोलले.

त्यांचं म्हणणं, भारी काच असली की झालं. काच कितीही भारी असो, हात हलला की चित्र हलणारच, आणि जितकं मोठं दिसतं तितकं जास्त हलणार. या दुर्बिणीत सेन्सर हाताचं कंपन टिपतात आणि सिलिकॉन तेल भरलेलं प्रिझम त्या हिशेबाने आपला कोन बदलत राहतं. बारीक थरथर जाते. होडीचा मोठा हेलकावा जात नाही.

आता साडूंच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर म्हणतील लपवलं. पहाटे ताम्हिणीच्या झाडीत त्यांची ८×४२ माझ्यापेक्षा उजळ दाखवते. ३० मिमीच्या भिंगातून उजेडच कमी येतो. १०×३० जलरोधक नाही, म्हणजे पावसाळ्यात घरी. उडत्या पाकोळीमागे फिरवली तर चित्र जरा तरंगल्यासारखं वाटतं. फुलपाखरंही बघायची असतील तर विसरा, चार मीटरच्या आत फोकसच होत नाही.

१०×३० की १२×३६? वजनात फार फरक नाही, ६०० आणि ६६० ग्रॅम. १२ मध्ये दृश्य अरुंद, त्यामुळे पक्षी सापडायला वेळ लागतो. नांदूर मध्यमेश्वर, ठाणे खाडी असं उघड्यावरचंच बघणार असाल तर १२, नाहीतर १०.

थरथर आजारपणाची असेल तर मात्र हातात धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चष्मा लावूनच बघा आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवरची सगळ्यात बारीक ओळ वाचा, आधी बटण न दाबता, मग दाबून. दुकानदार म्हणेल सेल नाहीत. घरून घेऊन जा.