गणवेशाचा सीझन करायला सोलापूरला जावं का?

प्रश्न: आम्ही नवराबायको चिपळूणला राहतो. घर स्वतःचं, सासूसासरे सोबत. हे टेलरिंगच्या दुकानात कटिंग करतात, पगार १४,०००. मी घरी ब्लाउज-ड्रेस शिवते, लग्नसराईत महिन्याला १२,००० सुटतात. सोलापूरच्या एका गणवेश कारखान्यात १० मार्च ते १० जून काम मिळतंय. ह्यांना २०,००० फिक्स, मला हाफ शर्टामागे २२ रुपये. दिवसाला ४० नग सहज होतात म्हणे. ३०,००० उचलही देतात. ती घेऊन सोन्यावरचं ७०,००० चं कर्ज (१२ टक्के व्याज) कमी करावं असा विचार आहे. पत्र्याची खोली २,५०० ला आहे, तळमजल्याची ४,००० ला. तीन महिन्यांत लाखभर मागे पडतील ना?

उत्तर: ताई, लाखभर नाही पडणार. आहे त्या अटींवर गेलात तर घरी राहून जे मिळालं असतं त्यापेक्षा सातेक हजार कमीच हाती येतील. पण अटी बदलून घेता येतात, आणि बदलल्या तर जायला हरकत नाही.

तुमचा सगळा हिशेब ४० नगांवर उभा आहे. ४० गुणिले २२ गुणिले २६ दिवस, म्हणजे महिन्याला २२,८८०. हा आकडा सीझन कोळून प्यायलेल्या कारागिराचा. तुमचा हात पायमशीनवर बसलेला आहे. पॉवर मशीनवर पाय जरा जड पडला की शिलाई पुढे पळते. कॉलर आणि खांद्याचा जोड उसवून परत मारण्यात पहिले दोन आठवडे जातात. त्यात पांढरा शर्ट असेल तर घामाच्या बोटांचा आणि तेलाचा डाग पडला की नग चेकिंगमधून परत येतो, आणि दुरुस्तीचे पैसे कोणी देत नाही. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये ४२-४४ पर्यंत जातो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोननंतर हात मंदावतोच.

म्हणून मी असं धरलं: ७८ कामाच्या दिवसांतले ६ दिवस आजारपण आणि वीज जाण्यात गेले. उरलेल्या ७२ पैकी पहिले १२ दिवस २२ नगांनी, पुढचे ६० दिवस ३२ नगांनी. होतात २,१८४ नग. परत आलेले वजा करून २,१०० धरू. हातात ४६,२००. तुम्ही ६८,६४० धरले होते.

ह्यांचे ६०,००० मिळवले की १,०६,२००. आता खोलीकडे येऊ, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. पत्रा दिवसा भट्टीसारखा तापतो, पण ऊन उतरलं की लवकर निवतो. वर गच्ची असलेल्या स्लॅबचं उलट असतं: दिवसभर प्यायलेलं ऊन तो मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. दोघंही दिवसभर कारखान्यात असाल तर पत्र्याची खोली वाटते तितकी वाईट नाही. पण अशा कामात मालक बऱ्याचदा म्हणतो, ‘मशीन घरी न्या, नग घरी शिवा.’ तसं झालं तर दुपारी पत्र्याखाली ३२ काय, २० नगही निघणार नाहीत. दिवसाला दहा नग कमी म्हणजे २२० रुपये, आणि भाड्यातली बचत दिवसाला ५०. वर दुसरा मजला असलेली तळमजल्याची खोलीच घ्या. आणि कोणी ‘स्लॅबची आहे’ म्हणून वरच्या मजल्यावरची दाखवली तर भुलू नका.

कूलर घ्यावाच लागेल. कोकणात कूलर लावला की नुसता दमटपणा वाढतो, त्यामुळे तुमचा त्यावर विश्वास नसेल. सोलापूरची हवा कोरडी, तिथे तो खरंच गार करतो. मात्र तो खिडकीत बसवायचा आणि समोरची खिडकी किंवा दार किलकिलं ठेवायचं. बंद खोलीत ठेवला की तासाभरात चिपळूणच होतं. १८० वॅटचा कूलर रात्री १० तास चालला तर १.८ युनिट. महिन्याला ५४ युनिट, सबमीटरवर युनिटला १२ रुपये धरले तर साधारण ६५०. पंखे-दिवे धरून ११३०.

त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा. शहराला उजनीचं पाणी येतं, पण नळ रोज येत नाही, मध्ये काही दिवसांचा खाडा असतो. दोघांना रोजचे २०० लिटर आणि कूलरला ३० लिटर धरा. चार दिवसांआड नळ म्हटलं तर ९२० लिटर साठा हवा. २०० लिटरचे दोन ड्रम पुरणार नाहीत. खोली बघताना भाड्याआधी घरमालकाची टाकी किती लिटरची आणि किती बिऱ्हाडांत वाटलेली, ते विचारा.

तीन महिन्यांचा जादा खर्च मी असा मांडला: भाडं १२,०००, वीज ३,४००, जुना कूलर घेऊन-विकून तोटा २,०००, पिण्याचे जार आणि टँकर २,७००, गॅस-किराणा ४,५००, मध्ये एक फेरी धरून एसटी ४,००० (तुमचं तिकीट अर्धं), अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे जाणंयेणं १,८००, भांडी-ड्रम २,५००, औषधपाणी २,०००. ह्यांच्या पगारातून दरमहा २०० व्यवसाय कर जाईल. २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला तो नाही. एकूण ३५,५००. डिपॉझिट परत येतं, म्हणून धरलं नाही. रेशन कार्ड आधारशी जोडलेलं असेल तर धान्य सोलापूरच्या दुकानातही मिळतं, किराणा थोडा हलका होईल.

हातात राहिले ७०,७००. आणि घरी? ४२,००० अधिक ३६,०००, म्हणजे ७८,०००. लग्नसराईतली तुमची गिऱ्हाइकं तीन महिन्यांत दुसरीकडे वळतील, ते यात नाहीच.

एकटे हे गेले तर? कामगारांच्या खोलीत, मेसवर राहिले तर चिपळूणपेक्षा पाच-सहा हजार जास्त सुटतील. एवढ्यासाठी उन्हाळाभर वेगळं राहायचं का, ते तुम्ही दोघं ठरवा. मला ते फारसं पटत नाही.

उचल घेऊ नका. ३०,००० कर्जात भरले तर व्याज वाचेल महिन्याला ३००, तीन महिन्यांत ९००. त्या ९०० साठी तुम्ही मालकाला बांधले जाता. खोली जमली नाही, नग परत यायला लागले, उन्हाने तब्येत बिघडली, तरी उचल फिटेपर्यंत निघता येत नाही, दरावरही बोलता येत नाही. सोन्याच्या कर्जात तुकड्या-तुकड्याने भरता येतं. मे महिन्यात हातातले २५-३० हजार भरा, तेवढंच मुद्दल उतरेल.

मालकाशी बोलायच्या गोष्टी तीन. राहायची खोली आणि वीज त्याची: इथेच १५,४०० वाचतात आणि तोटा मिटून आठेक हजार फायद्यात येता. पहिले १२ दिवस नग कितीही होवोत, रोजचे किमान ७००: आणखी अडीच हजार. तिसरी, पगार दर शनिवारी आणि नगांच्या वहीवर सुपरवायझरची रोजच्या रोज सही. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात, त्यानंतर मालकाला तुमची गरज उरत नाही. शेवटच्या पंधरवड्याचे पैसे अडकतात ते तेव्हाच. पहिली आणि तिसरी मान्य झाल्या तर जा. दुसरी नाही मिळाली तरी चालेल.

ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विम्यात) नाव घातलं तर नाही म्हणू नका, पगारातून ०.७५ टक्केच कापतात. दवाखाना लगेच मिळतो, आजारपणातल्या रजेचे पैसे मात्र या तीन महिन्यांत मिळणार नाहीत. पीएफ कापला तर यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) जपून ठेवा.

गेलात तर पहिल्या दिवशी सबमीटरच्या आकड्याचा फोटो घरमालकासमोर काढा. आणि कूलर मेच्या तिसऱ्या आठवड्यातच कोणाला तरी सांगून ठेवा. वळवाचा पहिला पाऊस पडला की त्याचे निम्मेही येत नाहीत.